रेशीम जगाला, सूत अंगाला

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की गावोगावच्या बाजारपेठांचे रूप पालटते. इफ्तार आणि तरावीहची नमाज आटोपली की कापड दुकानांतली गर्दी वाढू लागते. शिंप्यांच्या यंत्रांचा आवाज सहेरीपर्यंत थांबत नाही. शेवया, सुका मेवा, अत्तर, बांगड्या, लहान मुलांच्या जाळीदार टोप्या यांनी हातगाड्या भरून जातात. या गर्दीत मुस्लिम बांधव जेवढे असतात, तेवढेच विक्रेते आणि ग्राहक इतर समाजांतलेही असतात. यात गैर काहीच नाही. ईदच्या दिवशी आंघोळ करून, आपल्याकडचे सर्वांत चांगले कपडे घालून, सुगंध लावून नमाजला जावे, अशीच रीत आहे. महिनाभर भूक आणि तहान सोसल्यानंतर येणारा आनंद अंगावरही दिसावा, यात वावगे ते काय?

पण गेल्या काही वर्षांत या आनंदाला दुसरीच एक किनार लागली आहे. इफ्तारचे ताट तोंडाशी जाण्याआधी मोबाइलसमोर मांडले जाते. ईदचा जोडा कुठला आणि कितीचा, हे कापडापेक्षा महत्त्वाचे ठरते. गरजूंना शिधा वाटताना पिशवीपेक्षा देणाऱ्याचा चेहरा मोठा दिसतो. लग्नसराईत तर ही शर्यत सर्व समाजांत सारखीच आहे. हळदीचा पोशाख वेगळा, संगीताचा वेगळा, स्वागत समारंभाचा वेगळा. आणि त्यासाठी काढलेले कर्ज मात्र एकच, ते वर्षानुवर्षे फेडत राहायचे. त्यामुळे हा प्रश्न एका धर्माचा किंवा एका सणाचा उरत नाही.

ही हौस मोबाइलने आणली, असे म्हणणे सोपे आहे; पण ते खरे नाही. माणूस आपली श्रीमंती अंगावर, भिंतीवर आणि ताटात मांडत आला, त्याला हजारो वर्षे झाली. जगभरच्या संग्रहालयांतली चित्रे, वस्त्रे आणि भांडी त्याची साक्ष देतात. मात्र त्या वस्तू नीट पाहिल्या, तर त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. श्रीमंतीला लगाम घालण्याचा प्रयत्न आणि त्या लगामातून निसटण्याची माणसाची हुशारी, या दोन्हींच्या खुणा त्यांत आहेत. रमजान हा स्वतःला तपासण्याचा महिना. म्हणून या खुणा याच दिवसांत पाहणे योग्य ठरेल.

कारूनची मिरवणूक

'कारूनचा खजिना' हा शब्दप्रयोग अनेकांच्या कानावरून गेलेला असतो. पवित्र कुरआनात या कारूनची हकिकत आली आहे. तो हजरत मूसा यांच्या काळातला आणि त्यांच्याच लोकांपैकी एक. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत तो कोरह या नावाने ओळखला जातो. त्याच्याकडे एवढी संपत्ती होती की खजिन्याच्या किल्ल्या उचलताना दणकट माणसांचा जथाही वाकून जाई. हे सारे आपल्याच ज्ञानाच्या बळावर मिळाले, असे तो म्हणत असे.

एके दिवशी तो आपल्या साऱ्या थाटामाटासह लोकांसमोर आला. ते पाहून अनेकांना वाटले की याला मिळाले तसे आपल्यालाही मिळाले असते तर किती बरे झाले असते! जाणत्यांनी त्यांना सावध केले. पुढे कारून आपल्या घरादारासह जमिनीत गडप झाला आणि कालपर्यंत त्याचा हेवा करणारे दुसऱ्या दिवशी सकाळी वरमले.

या कथेतली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. कारूनला त्याच्या लोकांनी 'संपत्ती टाकून दे' असे सांगितले नव्हते. या जगातला आपला वाटा विसरू नकोस, पण ईश्वराने जसे तुझे भले केले तसे तू इतरांचे भले कर, असा त्यांचा सल्ला होता. म्हणजे दोष संपत्तीत नव्हता आणि सुंदर वस्त्रांतही नव्हता. कुरआनात अन्यत्र तर प्रार्थनेच्या वेळी शोभिवंत पोशाख करा, खा, प्या, मात्र उधळपट्टी करू नका, असेच सांगितले आहे. दोष होता तो दोन गोष्टींत. हे सारे माझे, माझ्या एकट्याच्या कर्तृत्वाचे, ही घमेंड. आणि पाहणाऱ्याला स्वतःचे आयुष्य हलके वाटावे अशी ती मिरवणूक. श्रीमंतीच्या प्रदर्शनाला लावायची कसोटी या कथेतच आहे. वस्तू किती महाग आहे, यापेक्षा ती पाहून समोरचा माणूस लहान होतो का, हे विचारायला हवे.

मशिदीच्या दारातला रेशमी पोशाख

इस्लाममध्ये पुरुषांनी रेशीम आणि सोने वापरू नये, असा नियम आहे. स्त्रियांना दोन्हींची मुभा आहे. या नियमाशी जोडलेला एक प्रसंग हदीसमध्ये आहे. मदिनेत मशिदीच्या दाराशी एक रेशमी पोशाख विकायला आला होता. हजरत उमर यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना सुचवले की, हा विकत घ्यावा, शुक्रवारच्या नमाजला आणि बाहेरगावची शिष्टमंडळे भेटायला येतात तेव्हा घालता येईल. सूचना अगदी व्यवहाराची होती. पाहुण्यांसमोर रुबाब दिसावा, हे कोणत्याही काळात कोणालाही पटेल. प्रेषितांनी मात्र नकार दिला. पुढे त्यांच्याकडे तसेच काही पोशाख आले, तेव्हा त्यांतला एक त्यांनी उमर यांच्याकडे पाठवला. उमर बुचकळ्यात पडले. तो तुम्ही घालावा म्हणून दिलेला नाही, असा खुलासा झाला. मग उमर यांनी तो मक्केत राहणाऱ्या आपल्या भावाला भेट दिला. हा भाऊ मुस्लिम नव्हता.

या छोट्याशा प्रसंगात पुष्कळ काही आहे. नियम स्वतःसाठी कडक ठेवायचा आणि नाते मात्र मोकळेपणाने जपायचे. शिवाय हा नियम आंधळाही नव्हता. अंगाला खाज सुटते म्हणून दोन सहकाऱ्यांना रेशमी वस्त्र वापरण्याची परवानगी प्रेषितांनी दिली होती. म्हणजे रेशमाच्या मऊपणाशी वैर नव्हते. वैर होते ते रेशमातून येणाऱ्या तोऱ्याशी.

मशरू : परवानगीचे कापड

पण माणसाला तोराही हवा असतो आणि नियमही मोडायचा नसतो. मग वाट निघते. ती वाट एका कापडाच्या नावातच आहे. मशरू म्हणजे शरीयतने परवानगी दिलेले. या कापडात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. विणकाम साटिनच्या पद्धतीचे. त्यामुळे वरच्या बाजूला जवळजवळ सगळे रेशीम दिसते आणि अंगाला लागणाऱ्या आतल्या बाजूला सूत येते. हनफी धर्मशास्त्रात ताणा रेशमाचा असला तरी बाणा दुसऱ्या धाग्याचा असेल तर असे कापड पुरुषांना चालते. बाण्यामुळे कापड कापड होते, असा त्यामागचा विचार.

गुजरातेतील पाटण आणि कच्छमधील मांडवी ही मशरूची नावाजलेली ठिकाणे. तिथून हे कापड तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यापर्यंत जात असे. सीरियात आणि तुर्कस्तानात त्याचीच भावंडे कुतनी किंवा कुतनू या नावाने विणली गेली. दख्खनमध्येही मशरू विणले जाई. गंमत अशी की, मुस्लिम पुरुषांच्या अडचणीतून पसरलेले हे कापड कच्छमधल्या हिंदू स्त्रियांच्या घागरा-चोळीतही जाऊन बसले. त्यांना शरीयतशी काही देणेघेणे नव्हते. उन्हाळ्यात अंगाला सूत बरे वाटते आणि बाहेरून रेशमाची चमक मिळते, एवढे पुरे होते.

मराठवाड्याला याहून जवळचे उदाहरण म्हणजे हिमरू. छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचे औरंगाबाद) ही ओळख. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा विणकरही आले आणि ही कला इथे रुजली, असे परंपरेने सांगतात. सोन्याचांदीच्या तारांचे अस्सल किनखाब राजघराण्यांसाठी. त्याच्यासारखे दिसणारे, पण सुताच्या पायावर रेशमी धाग्यांची नक्षी उठवलेले कापड म्हणजे हिमरू. 'सारखे' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून हे नाव आले, असे मानतात. जुन्या पद्धतीच्या मागावर एकट्या विणकराचे काम भागत नसे. नक्षीचे धागे हिशेबाने वर ओढून देणारा मदतनीस लागे. उलट्या बाजूला रेशमाचे सुटे धागे राहतात, त्यामुळे शाल उबदारही होते.

मशरूकडे दोन प्रकारे पाहता येते. एक म्हणजे ही कायद्यातली पळवाट. नियमाचा हेतू तोरा कमी करण्याचा होता. मशरूने नियम कातडीपुरता पाळला आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रेशीमच ठेवले. जगाला रेशीम, अंगाला सूत. खरे तर हेतूच्या दृष्टीने याच्या उलट व्हायला हवे होते. कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी मऊपणा असता तर कोणाचे काही बिघडले नसते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर, बंधन आले म्हणून कारागिराची बुद्धी चालली. रेशीम निम्मे झाले, कापड स्वस्त झाले, जास्त लोकांपर्यंत गेले आणि दोन धर्मांच्या अंगावर एकच वस्त्र आले. दोन्ही म्हणणी खरी आहेत. फरक पडतो तो घालणाऱ्याच्या मनाने. आतले सूत ज्याला आपली मर्यादा आठवून देते, त्याच्यासाठी ती पळवाट राहत नाही. ज्याला ते आठवतही नाही, त्याच्यासाठी नियम नुसता शिवणीत शिल्लक राहतो.

भांड्यांचीही अशीच गोष्ट. सोन्याचांदीच्या भांड्यांत खाणेपिणे हदीसने वर्ज्य ठरवले आहे. नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी मातीच्या भांड्यांवर चांदी आणि तांब्याच्या क्षारांचा अतिशय पातळ थर देऊन, भट्टीत हवा कमी ठेवून, सोन्यासारखी झळाळी आणली. या कलेच्या वाढीमागे त्या बंदीचाही हात असावा, असे काही अभ्यासक मानतात. जवळच्या बिदरमध्ये जस्त आणि तांब्याच्या मिश्र धातूत चांदीची तार बसवून, किल्ल्यातल्या मातीचा उपयोग करून धातू काळा केला जातो. चांदी थोडीच लागते, पण काळ्यावर ती उठून दिसते. थोडक्यात सौंदर्य उभे करायचे, तर ढीगभर सोने लागत नाही. ते हातात असावे लागते.

तराजूतला राजपुत्र

दरबारांना मात्र थोडक्यात भागवायचे नव्हते. ब्रिटिश म्युझियममध्ये जहांगिराच्या काळातले एक प्रसिद्ध चित्र आहे. राजपुत्र खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, मोठ्या तराजूच्या एका पारड्यात बसला आहे. दुसऱ्या पारड्यात पिशव्या आहेत. समोर तबकांत दागिने, खंजीर आणि वस्त्रे मांडली आहेत, मागच्या कोनाड्यांत चिनी मातीच्या वस्तू आहेत. हा तुलादानाचा प्रसंग. हा रिवाज मूळचा भारतीय, हिंदू राजांचा. मोगलांनी तो उचलला. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांचीही सुवर्णतुला झाली होती. राजाच्या वजनाचे धन दान करायचे, ही त्यामागची कल्पना. म्हणजे वैभव मिरवायचे ते देण्याच्या निमित्ताने.

इंग्लंडचा राजदूत टॉमस रो याने १६१७ मध्ये मांडू येथे जहांगिराची तुला पाहिली. हिऱ्यामाणकांनी लगडलेला बादशहा पाहून तो थक्क झाला. पण रोखठोक स्वभावाच्या या माणसाने एक शेराही नोंदवून ठेवला. पारड्यात सोने आणि रत्ने असल्याचे सांगितले गेले, पण सारे बंद पिशव्यांत होते. आत खडे असते तरी कळले नसते. चारशे वर्षांपूर्वीचा हा शेरा आजच्या दानाच्या सोहळ्यांनाही चपखल बसतो. देण्याचा सोहळा डोळ्यांना दिसतो. पिशवीत काय आहे आणि ते पोहोचते कोणाकडे, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

शाहजहानाने वैभवाची कमाल केली. सात वर्षे खपून तयार झालेल्या मयूर सिंहासनावर तो १६३५ मध्ये बसला. दरबारी इतिहासानुसार त्यात ८६ लाख रुपयांची रत्ने आणि १४ लाख रुपयांचे सोने, असा एक कोटीचा ऐवज होता. त्याच दरबारी इतिहासात ताजमहालाचा खर्च ५० लाख रुपये नोंदवला आहे. म्हणजे एका आसनाला दोन ताजमहालांचे पैसे लागले. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली आणि ते सिंहासन घेऊन गेला. पुढे ते मोडले गेले. आज त्याची चित्रे आणि वर्णने तेवढी उरली आहेत. ताजमहाल मात्र आजही यमुनेकाठी उभा आहे, कोणीही जाऊन पाहावा असा.

याच परंपरेतले आणखी एक चित्र वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे. बिचित्र या चित्रकाराने ते १६१५ ते १६१८ च्या दरम्यान काढले. जहांगीर वाळूच्या घड्याळावर बसला आहे. त्याच्या मस्तकामागे सूर्य आणि चंद्राचे एकत्र तेजोवलय आहे. समोर चार जण उभे आहेत. सर्वांत वर साध्या वेशातले, पांढऱ्या दाढीचे वृद्ध सूफी शेख. त्यांच्या खाली उस्मानी सुलतान, मग इंग्लंडचा राजा जेम्स आणि सर्वांत खाली स्वतः चित्रकार. बादशहा राजांकडे पाहतही नाही. तो शेखांना ग्रंथ भेट देतो आहे आणि शेख तो आपल्या वस्त्रात झेलून घेत आहेत. घड्याळातली वाळू बरीचशी खाली गेली आहे आणि त्याच घड्याळावर देवदूत बादशहाला हजार वर्षांच्या राज्याच्या शुभेच्छा लिहीत आहेत.

राजांपेक्षा फकीर मोठा, असे हे चित्र सांगते. पण हे सांगायला रत्नजडित आसन, सोन्याची वेलबुट्टी आणि दोन राजांचा पाणउतारा लागला. म्हणजे इथे नम्रतेचेही प्रदर्शन झाले. धर्मशीलतेचा दिखावा हा श्रीमंतीच्या दिखाव्यापेक्षा अवघड आजार आहे, कारण तो झालेल्याला तो पुण्यच वाटत असतो. उमरा करताना सतत चालणारे चित्रीकरण, इफ्तार पार्टीचे फलक, शिधावाटपाचे फोटो, देवदर्शनाच्या रांगेतला खास प्रवेश, भंडाऱ्याच्या मांडवावर देणगीदाराचे मोठे नाव, हे सगळे त्याच आजाराचे आजचे रूप. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे हदीसने आणि बायबलनेही सांगितले आहे. मराठीत तर गुप्तदान हा सरळ शब्दच आहे.

पोशाख देणारा आणि घेणारा

दरबारी वस्त्रांना आणखी एक काम होते. बादशहा मर्जीतल्या सरदाराला खिलत, म्हणजे मानाचा पोशाख देई. त्यात किती वस्त्रे, कसले कापड, बादशहाने ते स्वतः अंगावर घातलेले होते की नव्हते, यावरून सरदाराची पायरी ठरे. घेणारा तो पोशाख चढवून मुजरा करी. कापड रेशमी होते, पण ते स्वीकारणे म्हणजे दोरही स्वीकारणे होते. १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात अपमान झाल्यावर शिवाजी महाराजांनी खिलत नाकारली, त्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला होता. महाग वस्त्राला नाही म्हणता येते आणि नाही म्हणणाऱ्याची उंची कमी होत नाही, हे महाराष्ट्राच्या आठवणीत पक्के बसलेले आहे.

आज पोशाखाची पायरी ठरवणारा बादशहा नाही. ते काम शेजारी, सोयरे आणि मोबाइलचा पडदा करतो. मुलीच्या सासरी ईदी किती पाठवली, दिवाळसणाला जावयाला काय घातले, यावरून घराची किंमत होते. ज्याला परवडते तो एकदा देतो आणि विसरतो. ज्याला परवडत नाही तो उसने काढून देतो. खिलतीतला दोर असा शिल्लक राहिला आहे. फक्त तो आता लोक एकमेकांच्या गळ्यात घालतात.

नाव कोणाचे राहते?

बिचित्रच्या त्या चित्रात एक खुबी आहे. चित्रकाराने स्वतःला सर्वांत खालच्या कोपऱ्यात, पिवळ्या जाम्यात उभे केले आहे. जाम्याची गाठ डावीकडे आहे. त्या काळी हिंदू जामा डावीकडे बांधत आणि मुस्लिम उजवीकडे, त्यामुळे बिचित्र हिंदू होता, हे कपड्यावरून ओळखता येते. आणि त्याने आपली सही केली आहे ती बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर. मुस्लिम बादशहा, मुस्लिम फकीर आणि हिंदू चित्रकार; यांतला चित्रकार सर्वांत खाली उभा आहे, पण बाकीचे दोघे आज दिसतात ते त्याच्यामुळे.

बिचित्रचे नाव निदान राहिले. विणकरांच्या वाट्याला तेही आले नाही. मोगल चित्रांतले उमराव ज्या पारदर्शक मलमलीच्या जाम्यात दिसतात, ती मलमल ढाक्याच्या परिसरात मेघना नदीकाठी पिकणाऱ्या खास कापसाची. तिच्या प्रकारांना वाहते पाणी आणि दव अशा अर्थांची फारसी नावे दिली गेली. कापडाला नाव मिळाले, विणणाऱ्याला मिळाले नाही. पुढे ईस्ट इंडिया कंपनीची जबरदस्ती आणि गिरणीचे स्वस्त कापड यांच्या कात्रीत ते विणकर सापडले आणि ती कलाच बुडाली. बांगलादेशात अलीकडे ती पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

महाराष्ट्रातही हे चित्र फार वेगळे नाही. हातमागावरचे खरे हिमरू आता मोजक्या मागांवर उरले आहे. पैठणीचे नाव मोठे, मागणी मोठी, पण यंत्रमागावरची नक्कल खऱ्या पैठणीच्या नावाने खपते तेव्हा महिनोन्महिने मागावर बसणाऱ्या कारागिराचा घास जातो. १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या विणकरांनी मालेगाव गजबजले. तिथले, भिवंडीचे आणि इचलकरंजीचे यंत्रमाग राज्यभरच्या अंगावर कापड घालतात. त्या मागांच्या खडखडाटात उभे राहून मजुरीवर काम करणारा माणूस रोजाही धरतो आणि पाळीही भरतो. ईदच्या, दिवाळीच्या कपड्यांचे कौतुक होते तेव्हा त्याची आठवण कोणाला येत नाही.

हिशेबाचा महिना

रमजानमध्ये या सगळ्यावर एक साधा उपाय ठेवलेला आहे. तो म्हणजे जकात आणि फितरा. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची बचत ज्याच्याकडे चांद्रवर्षभर राहते, त्याने तिच्यातला अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा. हा उपकार नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. हनफी मतानुसार अंगावरच्या दागिन्यांवरही जकात लागू होते. कोकणातले बहुसंख्य मुस्लिम शाफई मताचे. त्या मतात वापरातल्या माफक दागिन्यांना सूट आहे. तपशिलात फरक असला तरी मुद्दा एकच आहे. जो दागिना वापरात नाही, नुसता साठवून ठेवला आहे, त्याने दरवर्षी गरिबाला काहीतरी देणे लागते.

फितरा तर याहून बोलका आहे. ईदच्या नमाजआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत गरजूंपर्यंत पोहोचवायची. तान्ह्या बाळाच्या नावचाही फितरा निघतो. हेतू असा की ईदच्या दिवशी कोणालाही हात पसरावा लागू नये. स्वतःचे नवे कपडे घालून बाहेर पडण्याआधी दुसऱ्याच्या घरची चूल पेटलेली असावी. सणाच्या दिखाव्याला याहून चांगला लगाम सापडणे कठीण आहे. कारण यात सुंदर कपडे घालू नका, असे म्हटलेले नाही. आधी कोण आणि नंतर कोण, एवढा क्रम लावून दिला आहे.

हा क्रम सर्वांनाच लावता येण्यासारखा आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, असे प्रेषितांनी सांगितले. ईदच्या आदल्या रात्री जागून कपडे देणाऱ्या शिंप्याचे पैसे सण झाल्यावर बघू, असे म्हणणाऱ्याने तो कितीही उंची झब्बा घातला तरी त्याचे एक टोक उसने आहे. लग्नात एक पोशाख कमी केला आणि तेवढ्या पैशांत एक खरी पैठणी किंवा हिमरूची शाल कारागिराकडून विकत घेतली, तर घरात वस्तूही राहील आणि एक मागही चालू राहील. शिधा वाटायचा तर जरूर वाटावा, पण घेणाऱ्याचा चेहरा फोटोत येऊ नये. कामाच्या ठिकाणी, शाळेत, वाड्यावस्तीत ज्यांना यंदा नवे कपडे जमले नाहीत, त्यांच्यासमोर किमती बोलल्या जाऊ नयेत. याला पैसा लागत नाही.

इतिहासातल्या बादशहांनी जे मिरवले त्यातले बहुतेक लुटले गेले, वितळवले गेले किंवा विरून गेले. टिकले ते कारागिराच्या हाताचे काम आणि लोकांना उपयोगी पडलेले दान. या ईदला आरशासमोर उभे राहताना रेशमाची चमक पाहावी, त्यात आनंदही मानावा. पण ते कापड विणणाऱ्याला दाम मिळाला का, शिवणाऱ्याला मजुरी पोहोचली का आणि शेजारच्या घरात शीरखुर्म्याचे दूध तापले का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी घ्यावीत. ती 'हो' असतील, तर साधा सुती कुर्ताही ईदगाहवर शोभून दिसेल.